कोणता पंप घेऊ, आणि स्टरलायझर लागतोच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ साडेतीन महिन्यांचं, फक्त अंगावरच्या दुधावर. आई नाशिकला सातपूरच्या एका खासगी कंपनीत नोकरीला, दीड महिन्यात रुजू व्हायचंय. सकाळी साडेआठला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत. बाळ सासूबाईंकडे राहील. नणंदेने तिचा जुना इलेक्ट्रिक पंप देऊ केलाय. तो लावून पाहिला तर दोन्ही बाजूंचं मिळून ४० मिलीच दूध निघालं आणि दुखलंही. दुकानदार म्हणतो यूव्ही (अतिनील किरणांचा) स्टरलायझर घ्याच, सासूबाई म्हणतात पातेल्यात उकळलं की झालं. नेमकं काय घ्यावं?

उकळण्याबाबत सासूबाई बरोबर आहेत, हे आधीच सांगते. आणि तो ४० मिलीचा आकडा मनातून काढून टाका. बाळाला पाजून तास-दीड तास झाला असताना पंप लावला तर ३०-४० मिली निघणं अगदी नेहमीचं आहे, कारण बाळ त्याच्या वाट्याचं पिऊन मोकळं झालेलं असतं. बाळाची एक वेळ चुकवून, त्या वेळेला पंप केला तर दोन्ही बाजूंचं मिळून ६० ते १०० मिली मिळतं, आणि तेही पंपाची सवय झाल्यावर. बाळाचं वजन वाढतंय, दिवसभरात सहा-सात लंगोट ओले होतायत, पाजल्यावर बाळ समाधानाने सोडतंय, तर दूध पुरतंय. ते मोजायचं माप पंपाची बाटली नव्हे. नीट तोंडात धरणारं बाळ जेवढं दूध ओढतं तेवढं बहुतेक पंपांना ओढता येत नाही.

मी आधी प्रसूती विभागात परिचारिका होते आणि आता बरीच वर्षं पुण्यात स्तनपान समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी दहा-पंधरा हजारांचा पंप पिशवीत घेऊन येतात आणि म्हणतात, दूधच येत नाही. बहुतेक वेळा मोटर उत्तम चालत असते. चुकलेलं असतं ते छातीवर बसणाऱ्या फनेलचं माप, नाहीतर शंभर-दोनशे रुपयांचा रबरी व्हॉल्व्ह चिरलेला असतो. म्हणून कंपनी कोणती, मोटर कितीची, हे मी शेवटी विचारते.

आधी गरज किती ते पाहू. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ २४ तासांत सरासरी ७५० मिलीच्या आसपास दूध पितं. कुणी थोडं कमी, कुणी थोडं जास्त. म्हणजे तासाला साधारण ३० मिली. तुम्ही साडेनऊ तास बाहेर असाल, तर निघताना पाजून आणि आल्या आल्या पाजून मधल्या वेळेला २८०-३०० मिली दूध घरात हवं. कामावर तीनदा पंप केलात आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंचं मिळून ९०-१०० मिली आलं की दुसऱ्या दिवसाची सोय झाली. एवढंच. समाजमाध्यमांवर फ्रीजर भरभरून दुधाच्या पिशव्या दाखवतात, ते बघून घाबरू नका. पहिल्या दिवसापुरतं दूध आणि वर एका दिवसाची शिल्लक, इतकं साठलं की पुरे. रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज एकदा पंप करा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतरची वेळ बहुतेकींना सोपी जाते, तेव्हा दूध जास्त असतं. उगाच दिवसाला पाच-सहा वेळा जादा पंप करू नका. शरीर ओढ्याप्रमाणे दूध बनवतं. गरजेपेक्षा जास्त ओढलंत तर छाती सतत भरून येईल, गाठी होतील आणि ते निस्तरायला पंपापेक्षा जास्त त्रास होईल.

तुमच्या या वेळापत्रकाला दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा इलेक्ट्रिक पंप योग्य. एका बाजूचा घेतलात तर एका वेळेला तीस-चाळीस मिनिटं जातील, आणि दिवसातून तीनदा एवढा वेळ कुठलाच वरिष्ठ आनंदाने देत नाही. दोन्ही बाजूंचा पंप १५-२० मिनिटांत काम उरकतो. तो चार्ज होणारा असावा. एमआयडीसीत असो की घरी, वीज गेली म्हणून छाती थांबत नाही. सोबत एक साधा हातपंप बॅगेत असू द्या. मोटर बंद पडली, चार्जर घरी राहिला, बस अडकली, अशा दिवशी तोच वाचवतो. ज्यांना आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेलाच दूध काढून ठेवायचंय त्यांना तर हातपंपच पुरतो, इलेक्ट्रिकवर पैसे घालायची काही गरज नाही. ब्राच्या आत बसणारे, वायर नसलेले पंप दिसायला सोयीचे आहेत, पण आत बोंड नीट मधोमध बसलंय का ते दिसत नाही आणि बऱ्याच जणींचं दूध त्यात कमी निघतं. पहिला आणि एकमेव पंप म्हणून तो घेऊ नका. मेडिकलमध्ये अजूनही मिळणारा, मागे रबरी फुगा असलेला जुन्या पद्धतीचा पंप मात्र फुकट मिळाला तरी वापरू नका: ओढ किती बसतेय यावर ताबा राहत नाही, दूध फुग्यात शिरतं आणि तो फुगा आतून घासता येत नाही.

ज्यांचं बाळ कमी दिवसांचं जन्मलंय आणि काचेच्या पेटीत आहे, त्यांनी हे गणित आपल्याला लावू नये. बाळ ओढायला नसताना दूध बनवायची सुरुवातच पंपाने करावी लागते. त्यासाठी रुग्णालयात वापरतात तो जड पंप भाड्याने घ्यावा, प्रसूतीनंतर शक्यतो पहिल्या सहा तासांच्या आत सुरुवात करावी आणि रात्र धरून २४ तासांत किमान आठ वेळा दूध काढावं. पहिले दोन-तीन दिवस चीक थेंबाथेंबाने येतो, तेव्हा पंपाच्या नळ्यांनाच तो चिकटून राहतो. हाताने काढून वाटीत नाहीतर सिरिंजमध्ये घेतलेला बरा.

आता नणंदेचा पंप. घेऊ नका. प्रेमाने दिलाय, नाही म्हणायला जड जाईल हे मला कळतं, पण घरगुती पंप एकाच आईसाठी बनवलेले असतात. ज्या पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसतो, त्यात दुधाचे शिंतोडे आणि वाफ नळीतून आत मोटरपर्यंत जातात. तिथे हात पोहोचत नाही, उकळता येत नाही, बुरशी धरली तरी दिसत नाही. नवीन फनेल आणि नवीन नळ्या लावल्या तरी आतला भाग जुनाच राहतो. शिवाय वर्षभर वापरलेल्या मोटरची ओढ मंदावलेली असू शकते. नवीन पंप घेतानाही हा पडदा आहे का ते विचारा. दुकानात ‘क्लोज्ड सिस्टिम’ म्हणतात. मी तरी त्याशिवायचा पंप सुचवत नाही. रुग्णालयातला भाड्याचा पंप अनेक जणी वापरतात तो मुळात तसाच बांधलेला असतो, आणि त्याला प्रत्येकीचे फनेल-बाटलीचे संच वेगळे असतात.

फनेलच्या मापावर जरा थांबून सांगते, कारण तुम्हाला दुखलं ते बहुधा इथेच. बऱ्याच पंपांसोबत २४ मिमीचं, कधी २८ मिमीचं फनेल येतं. हे माप फनेलच्या आतल्या नळीच्या व्यासाचं. आणि माझ्यासमोर बसणाऱ्या निम्म्याहून अधिक जणींना त्यापेक्षा लहान माप लागतं: १७, १९, २१. कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून पेटीतून जे निघालं तेच लावलं जातं.

घरात कंपासपेटीतली मिलिमीटरची पट्टी असेल ती घ्या. पाजल्यानंतर किंवा पंप केल्यानंतर लगेच मोजू नका, तेव्हा बोंड फुगलेलं असतं. आरशासमोर उभ्या राहा, बोटाने हलकं स्पर्श करून बोंड वर येऊ द्या आणि त्याच्या बुडाशी पट्टी आडवी धरा. भोवतालचा काळा भाग मोजायचा नाही, फक्त बोंडाची रुंदी. दोन्ही बाजू मोजा. दोन्हींचं माप वेगळं निघणं अगदी सामान्य आहे. आलेल्या आकड्याच्या बरोबरीचं ते दोन-तीन मिलिमीटर मोठं, एवढ्यात बसणारं फनेल घ्या. १६ आलं तर १७ किंवा १९. सगळं फनेल बदलायची गरज नसते. २४ च्या आत बसणाऱ्या सिलिकॉनच्या छोट्या रिंगा मिळतात, त्यांनी माप कमी करता येतं.

मग पंप लावून आत बघा. बोंड नळीत मोकळेपणाने पुढे-मागे व्हायला हवं. ते कडेला घासत असेल, काढल्यावर टोक पांढरं पडलेलं किंवा चेपलेलं दिसत असेल, तर नळी लहान आहे. उलट काळा भागही बोंडाबरोबर लांबवर आत ओढला जात असेल, काढल्यावर भोवती सुजेचं कडं उठत असेल, छाती अजून जड वाटत असेल आणि दूध मात्र थोडंच असेल, तर नळी मोठी आहे. नणंदेच्या पंपावर दुखलं आणि दूध कमी आलं, यावरून मला हीच दुसरी गत वाटते. बोंडाला आणि फनेलच्या आतल्या कडेला खोबरेल तेलाचा एक थेंब लावला तर घर्षण कमी होतं.

ओढ वाढवली की दूध जास्त येतं, ही समजूत जवळजवळ प्रत्येकीची असते. पेटीवर २५०, ३०० असे पाऱ्याच्या दाबाचे मोठे आकडे छापलेले असतात, त्यामुळे ती अजून पक्की होते. दुखलं की पान्हा आखडतो. ओढ वाढवत न्या, जरा बोचू लागली की एक पायरी खाली या, तिथेच थांबा. चांगल्या पंपात दोन चाली असतात: पहिली भरभर आणि हलकी, बाळ सुरुवातीला चुटुचुटु ओढतं तशी, पान्हा फुटला, धार लागली की दुसरी, संथ आणि खोल. पहिलीवर दोन मिनिटं, मग दुसरीवर या. धार थांबली की बंद करू नका, पुन्हा पहिल्या चालीवर जा. एका बैठकीत दोन-तीनदा पान्हा फुटू शकतो. पंप चालू असताना मोकळ्या हाताने छाती हलकेच दाबत राहा आणि शेवटी दोन-तीन मिनिटं हाताने दूध काढा. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीच्या दिशेने मागे दाब, मग दोन्ही एकमेकांकडे, मग सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत. या एवढ्याशा कृतीने कितीतरी जणींचं दूध वाढलेलं मी पाहिलंय, आणि याला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगते. छातीत गाठ आली, दुखायला लागलं, तर मालिशवाल्या बाईंकडून ती जोर लावून चोळून घेऊ नका आणि ‘रिकामी होईपर्यंत’ पंपही लावून बसू नका. पूर्वी आम्हीही गरम शेक आणि चोळणं सांगायचो. २०२२ मध्ये स्तनपान वैद्यकातली आंतरराष्ट्रीय शिफारस बदलली. जोराच्या मालिशने आतली सूज वाढते. बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं, कपड्यात गुंडाळून बर्फाचा गार शेक द्यायचा, सैल पण आधार देणारी ब्रा घालायची. २४ तासांत उतार पडला नाही, ताप चढला, लाली पसरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

बाटल्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ते ऐकून मग ठरवा. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा बाळ पाच महिन्यांचं होईल. महिन्याभरात वरचं खाणं सुरू होणार. आठ बाटल्यांचा संच आणि त्यांच्या रॅकसकट मोठा स्टरलायझर घ्यायची ही वेळ नाही. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, बाळाला व्यवस्थित पाजता येतं. नवजात अतिदक्षता विभागात एवढीएवढीशी बाळं त्याने पितात. सासूबाईंनी त्यांच्या मुलांना बोंडल्याने पाजलंही असेल, त्यांना विचारा. पाच महिन्यांचं बाळ मांडीत ताठ बसवलं तर छोट्या पेल्याच्या काठानेही प्यायला शिकतं. स्टीलच्या वाटीला कोपरे नाहीत, भोकं नाहीत, झडपा नाहीत. दोन मिनिटांत घासून होते. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाटल्या आणि बाळाच्या डब्यातल्या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाटलीच्या अस्वच्छतेने होणारे जुलाब हे त्यामागचं एक मोठं कारण. तरीही सासूबाईंचं वय, हाताला कंप, एकटीने बाळ सांभाळणं, अशा कारणांनी बाटलीच सोपी जाणार असेल तर बिनधास्त वापरा. दोन किंवा तीन, रुंद तोंडाच्या, लहान आकाराच्या, आयएसआय चिन्ह आणि आयएस १४६२५ हा क्रमांक असलेल्या. आत नळ्या, चकत्या, झडपा असलेल्या ‘अँटी-कॉलिक’ बाटल्या टाळा. एकेका बाटलीचे पाच-सहा भाग रोज घासायचे म्हणजे कधीतरी एक राहून जातोच. निपल संथ धारेची घ्या आणि सासूबाईंना सांगा, बाटली आडवी धरा, मधेमधे खाली करा, बाळाने तोंड फिरवलं की उरलेलं संपवायचा आग्रह नको. नाहीतर बाळ १५० मिली गटागटा पितं आणि तुम्हाला वाटतं आपलं दूध अपुरं पडतंय.

स्वच्छतेकडे येते. इथे लोक यंत्रावर पैसे घालतात आणि घासण्यात कुचराई करतात. दुधातली स्निग्धता आणि प्रथिनं प्लास्टिकवर पातळ थर धरतात. तो थर राहू देऊन उकळलं, वाफ दिली, किरण सोडले, तरी थराखालचे जंतू वाचू शकतात. २०१६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात वेळेआधी जन्मलेल्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूचा मेंदूपर्यंत पोहोचलेला संसर्ग झाला. शोध घेतला तेव्हा मूळ पंपाच्या भागांत सापडलं: ते साबणाच्या पाण्यात तासन्‌तास नुसते भिजत ठेवले जायचे, घासले जात नव्हते. त्यानंतर २०१७ मध्ये तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने पंप कसा धुवायचा याच्या सविस्तर सूचना काढल्या. मी माझ्याकडच्या आयांना जे शिकवते ते त्याच धर्तीवर.

पंपासाठी एक वेगळं लहान घमेलं आणि एक वेगळा ब्रश ठेवा, बेसिनमध्ये थेट काही धुवायचं नाही. बेसिनला खरकट्याचे, कच्च्या भाजीचे जंतू असतात, भांड्यांच्या घासणीलाही. आधी हात साबणाने धुवा. दूध लागलेला प्रत्येक भाग सुटा करा. व्हॉल्व्ह फनेलमध्ये अडकवून तसाच धुणं ही सर्रास चूक आहे. तो ओढून काढा, त्याच्या फटीवरून बोटाच्या टोकाने साबण फिरवा, ब्रश मात्र त्या फटीत घालू नका, चिरते. गार पाण्याने आधी खळखळून घ्या, मग घमेल्यात कोमट साबणाचं पाणी घेऊन घासा, मग वाहत्या पाण्याने धुवा. मोटरला जोडणारी हवेची नळी धुवायची नसते. आत थेंब दिसले तर पंप रिकामा दोन-तीन मिनिटं चालवा, वाळते. नळीत दूध गेलं असेल आणि काळे ठिपके दिसत असतील तर ती टाकून द्या. वाळवायला धुतलेला, कोरडा सुती पंचा. त्यावर भाग उपडे न ठेवता तिरके ठेवा, हवा लागू द्या. हात पुसायच्या फडक्याने पुसून कोरडे करायचे नाहीत. ओले भाग झिपच्या पिशवीत घालून बंद करणं सगळ्यांत वाईट.

बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, कमी दिवसांचं असेल किंवा आजाराने प्रतिकारशक्ती कमी असेल, तर घासल्यावर रोज एकदा निर्जंतुक करायलाच हवं. तुमचं बाळ त्यापुढे गेलंय, निरोगी आहे; तरी आपलं टाकीचं पाणी आणि आपली हवा बघता मी रोज एकदा उकळायला सांगते. रात्री एकदाच, सगळं मिळून. बाळाला डब्यातलं दूध द्यायची वेळ आली तर मात्र प्रत्येक वेळी उकळा, कारण पावडर निर्जंतुक नसते.

उकळायचं कसं, तर फक्त यासाठी ठेवलेलं झाकणाचं पातेलं घ्या, तळाशी एक ताटली उपडी ठेवा म्हणजे प्लास्टिक तापलेल्या बुडाला लागत नाही. सगळे भाग बुडतील इतकं पाणी, आत हवेचे बुडबुडे अडकू नयेत. पाणी खळाळून उकळू लागल्यापासून पाच मिनिटं मोजा. काही देशांत दहा सांगतात. काच-स्टील दहा ठेवलंत तरी हरकत नाही, पण रबरी-सिलिकॉनचे भाग रोज जास्त उकळले की लवकर ढिले पडतात. गॅसवर ठेवून बाळाला पाजायला बसू नका, पातेलं आटून सगळा संच वितळून चिकटतो, आणि हे रात्री अकराला होतं.

याच कारणासाठी वाफेचा इलेक्ट्रिक स्टरलायझर घ्यावासा वाटला तर घ्या. तो आपोआप बंद होतो, हा त्याचा मोठा गुण. काम मोदकपात्राचंच: खाली थोडं पाणी, वर चाळणीवर भांडी, आठ-दहा मिनिटं वाफ. त्यात पाणी मात्र गाळलेलं, शक्यतो आरओचं घाला. बोअरच्या जड पाण्याने महिन्याभरात तळाला पांढरा थर चढतो आणि वाफ कमी होते. लिंबूसत्त्वाचं पाणी अर्धा तास ठेवून तो निघतो. वाळवण्याची सोय असलेला महाग प्रकार नाशिककरांनी घ्यायची गरज मला वाटत नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर मात्र मी तोच सुचवते, कारण तिथे जून ते सप्टेंबर काही म्हणता काही वाळत नाही आणि ओलसर व्हॉल्व्हमध्ये बुरशी धरते.

यूव्हीची पेटी नको. किरण सरळ रेषेत जातात. जिथे सावली पडते, म्हणजे बाटलीच्या खांद्याशी, निपलच्या आत, व्हॉल्व्हच्या फटीत, तिथे ते पोहोचतीलच असं नाही, आणि नेमकं दूध तिथेच अडकतं. प्रवासात उकळणं शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या चालतात, पाकिटावर दिलेल्या पाण्यात अर्धा तास पूर्ण बुडवून. त्यात स्टीलची वाटी घालू नका, गंजते.

कामाच्या ठिकाणी तीनदा पंप करायचा तर तीन संच विकत घ्यायचे का, हा प्रश्न लगेच येईल. दोन संच घ्या. एक वापरलात की तिथेच धुवा, शक्य नसेल तर दुसरा काढा. वापरलेले भाग न धुता फ्रिजमध्ये ठेवून परत लावायचा प्रकार बऱ्याच जणी करतात. गारव्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. बाळ लहान किंवा नाजूक असेल तर तो मार्ग नाही.

काढलेलं दूध खोलीत २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं. नाशिकच्या एप्रिलमध्ये खोली २५ अंशांवर नसते, म्हणून लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पॅकच्या थर्मल पिशवीत ठेवा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. परदेशी सूचनांत चार दिवस दिलेत. घरचा फ्रिज सतत उघडतो, वीज जाते, म्हणून मी २४ तासच सांगते. जास्त ठेवायचं असेल तर वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये तीन महिने; एकाच दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांहून जास्त नको. ६० ते ९० मिलीच्या पिशव्या करा, तारीख लिहा. गरम करायला कोमट पाण्याच्या भांड्यात पिशवी. मायक्रोवेव्ह नाही, गॅसवर नाही. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, आणि बाळाने तोंड लावलेलं दोन तासांत संपवा नाहीतर टाका. दूध वर साय, खाली पातळ असं फुटल्यासारखं दिसेल. नासलेलं नसतं, पिशवी हलकेच फिरवली की एक होतं.

कंपनीशी आत्ताच बोला, रुजू झाल्यावर नको. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली तसंच ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही मिळाली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या कायद्यात आधीपासून आहेत. बाळ घरी असलं तरी हा आधार घेऊन वेळ आणि जागा लेखी मागा: आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, एक प्लग, जवळ पाण्याचा नळ. स्वच्छतागृहात बसून बाळाचं दूध काढायची वेळ कुणावर येऊ नये. तसं सुचवलं गेलं तर स्पष्ट नाही म्हणा.

खरेदी करताना तीनच गोष्टी पक्क्या करा. तुमच्या मापाचं फनेल किंवा रिंग त्या पंपाला मिळते का, व्हॉल्व्ह सुटे मिळतात का, आणि मोटरची दुरुस्ती नाशिकात होते का. रोज तीनदा पंप करणाऱ्यांना व्हॉल्व्ह महिन्या-दोन महिन्यांत बदलावे लागतात. ओढ एकाएकी कमी झाली की आधी व्हॉल्व्हची फट उजेडात धरून बघा, मोटरला दोष देऊ नका. पेटी उघडलेला पंप स्वच्छतेच्या कारणाने बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. म्हणून मागवण्याआधी पट्टी घेऊन दोन्ही बाजू मोजा आणि आकडे मला कळवा, सोबत फ्रिज एका दाराचा आहे की दोन, तेही लिहा. फनेलचं माप आणि रुजू व्हायच्या आधीच्या दोन आठवड्यांत कधी पंप करायचा, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.